दोन टिंबांत घड्याळ दिसत नाही

आज सकाळी एका शोधनिबंधाच्या मसुद्यातला आलेख बघितला आणि डोकं फिरलं. झेनोपस या प्रयोगशाळेतल्या बेडकाचा रेटिना, म्हणजे डोळ्यातला उजेड टिपणारा पडदा, आणि त्यातलं एका जनुकाचं प्रमाण. दुपारी बाराचं एक टिंब, रात्री बाराचं एक, मध्ये सरळ रेघ. खाली बिनधास्त लिहिलंय, ‘पिरियड-२ जनुक डोळ्यातल्या जैविक घड्याळावर चालतं.’

अहो, जैविक घड्याळ म्हणजे उजेडाशिवायही आतून चालणारी चोवीस तासांची लय, आणि इथे तर दुपारी दिवा चालू होता! या बेडकाच्या डोळ्यात पिरियड-२ उजेडानं वाढतं. अंधारातही लय धरून राहतं ते पिरियड-१. घड्याळाची साक्ष त्याची काढायची. त्यातही एखाद्या जनुकाचं शिखर पहाटे सहाला असलं, तर बारा आणि बारा सारखेच दिसतील आणि चालतं घड्याळ बंद ठरेल.

१९८३ साली बेशार्स आणि आयुव्होन या संशोधकांनी याच बेडकाच्या डोळ्याची मागची वाटी कापून बशीत वाढवली. मेंदू नाही, रक्त नाही, उजेड नाही. तरी मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक बनवणाऱ्या साखळीतलं विकर (एन्झाइम) रात्रीच्या वेळेला चढत होतं, दिवसाच्या वेळेला उतरत होतं. घड्याळ दाखवणं म्हणजे हे.

प्राणी दोन आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार असे ठेवा. मग दिवा बंद, तो बंदच. पहिला दिवस सोडा, पुढचे ४८ तास दर ४ तासांनी सॅम्पल, दर वेळी चार-पाच प्राणी. अंधुक लाल दिव्यावर विसंबू नका, बेडकाच्या शंकूपेशींना (डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशींना) लाल दिसतो. इन्फ्रारेड चष्मा लावूनच कापा. आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल, तीच मोजायची) काढायला अख्खा डोळा कुटू नका. रेटिना सोडवताना मागचा काळा थर चिकटून आला, तर आरएनएत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य उतरतं आणि ते मोजणारी पीसीआर चाचणी अडते. मग जनुक खरंच कमी होतं की रंगद्रव्यानं दाबलं, कसं कळणार? आणि ज्या जनुकाशी तुलना करताय, ते तरी ४८ तास सपाट राहतं ना?

मान्य, प्राणी जास्त लागतात, परवानग्या लागतात. मग दोनच टिंबं काढा, पण ‘दिवस-रात्रीतला फरक’ एवढंच लिहा.

तो आलेख आत्ता परत उघडला. रात्री बाराचं ते टिंब कुणीतरी जागून काढलंय, हात सफाईचा आहे, टिंबावरच्या त्रुटीरेषा अगदी लहान आहेत. असे हात असलेल्या पोरांना आधी अंधारखोली द्यायला हवी होती, ती मार्गदर्शकांनी दिली नाही. माझा राग त्यांच्यावर आहे, पोरांवर नाही. ४८ तासांचं वेळापत्रक आणि नळ्यांच्या लेबलांचा तक्ता तयार आहे, ज्याला हवा त्यानं इनबॉक्समध्ये मागा.