पोर्ट उघडण्याआधी डोळे मिटा

घरी सर्व्हर थाटलात, अभिनंदन! जुना लॅपटॉप कपाटावर चढवलात, त्यावर फोटोंची गॅलरी बसवलीत, घरातल्या वायफायवर ती झकास उघडली. आता ती बाहेरगावच्या नातेवाइकांनाही दिसावी, असं तुम्हाला वाटू लागलंय. इथपर्यंत माणूस सुखी असतो. इथून पुढे कसं वागावं, याबद्दल चार अनुभवाचे बोल सांगतो. ते मी पदरच्या झोपेची किंमत मोजून कमावले आहेत.

पहिला प्रश्न पत्त्याचा. सर्व्हरला स्वतःच्या हाताने स्थिर आयपी (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) द्या, पण राउटरचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटणारी सोय, कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो हे बघायला जाऊ नका. समजा, तो १९२.१६८.१.१०० ते २०० वाटतो. तुम्ही त्यातलाच १०५ उचला, लक्षात ठेवायला सोपा. राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) आयपी राखून ठेवायची सोय असते, नाहीतर १०० च्या खालचा मोकळा पत्ताही घेता येतो. पण असली कामं ज्यांना रात्री लवकर झोपायचं असतं त्यांची. राउटरच्या वहीत १०५ कोराच आहे, कारण तुम्ही त्याला काही कळवलेलंच नाही. काही राउटर पत्ता देण्याआधी तिथे कुणी आहे का म्हणून हाक मारून बघतात. हरकत नाही. सर्व्हर अपडेट घेऊन रिस्टार्ट होत असेल तेव्हा हाकेला ओ द्यायला कुणी नसतं. नेमका त्याच मुहूर्तावर प्रिंटर जागा होतो, पत्ता मागतो आणि राउटर इमानेइतबारे १०५ त्याच्या पदरात टाकतो.

एका म्यानात दोन तलवारी. ‘१०५ कोण?’ असा एआरपीचा (आयपीवरून यंत्र शोधायच्या पद्धतीचा) पुकारा झाला की दोघंही ‘मी!’ म्हणून ओरडतात. तुमचा संगणक त्यातल्या एकाचं ऐकतो, थोड्या वेळाने विसरतो आणि पुन्हा विचारतो. त्यामुळे गॅलरी सकाळी उघडते, दुपारी लटकते आणि संध्याकाळी कुणी काही न करता पुन्हा चालू लागते. या काळात गॅलरीचं सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा बसवावं, वायर बदलावी, शक्य झाल्यास नवा राउटर आणावा. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका: सर्व्हरची नेटवर्क वायर उपसून १०५ ला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. मी केलं होतं. लोंबकळती वायर एका हातात, आणि स्क्रीनवर उत्तरं येतच आहेत, ओळीमागून ओळ, अगदी आनंदाने. कोपऱ्यात प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आठवडाभर रंगलेला तपास पाच सेकंदांत आटोपला. इतका विरस आयुष्यात क्वचित झाला असेल.

आता पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून राउटरच्या एखाद्या क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली मागणी आतल्या यंत्राकडे धाडणं. राउटरच्या पानावर नियम लिहा: बाहेरचं पोर्ट ८०८०, आतला पत्ता १०५, आतलं पोर्ट ८०. लगेच त्याच वायफायवर बसून, त्याच सोफ्यावरून, स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडून पाहा. पुष्कळ राउटरांना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं हे वळण जमत नाही. त्याला नॅट लूपबॅक म्हणतात. बाहेरच्या जगाला गॅलरी दिसत असेल आणि फक्त तुम्हालाच नाही. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिलं तर हे तत्काळ कळेल, म्हणून पाहू नका. उलट चालणारा नियम खोडून नवा लिहा. नियमातलं टीसीपीचं यूडीपी करा (डेटा पाठवायच्या या दोन पद्धती), मग दोन्ही करा. वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, यूडीपीवर चालणारं व्हीपीएन) बसवलं असेल तर आणखी मजा: ते अनोळखी पॅकेटला (डेटाच्या पुडक्याला) उत्तरच देत नाही, आणि पोर्ट तपासणाऱ्या साइट बहुधा टीसीपीनेच दार वाजवतात. साइट म्हणणार ‘बंद’, आणि उघड्या पोर्टावर तुम्ही तीन रात्री घालवणार.

हेही जमलं नाही तरी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला बाहेरचा पत्ता) वाचू नका. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला निघाला तर खेळ खलास. आयपीव्ही४ चे (१९२.१६८.१.१०५ सारखे) पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाने, म्हणजे जगभरचे आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेने, आपल्याकडचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून टाकले, आणि २०१२ मध्ये हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या सीजीनॅटसाठी वेगळा काढला गेला. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे तुमच्यासारखी अनेक बिऱ्हाडं, आणि दिंडीदरवाजाची किल्ली कंपनीकडे. आपल्या खोलीचं दार कितीही सताड उघडं ठेवा, पाहुणा वाड्याबाहेरच उभा. पण हे दोन मिनिटांत कळून घेण्यापेक्षा दोन महिने नियम लिहिण्यात जी साधना आहे, ती काही औरच.

फारच वैतागलात तर सर्व्हर सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं सगळं राउटर जिथे थेट धाडतो त्या जागी, टाका आणि फायरवॉल बंद करा. सांगणारे भेटतातच: ‘तात्पुरतं करून बघा.’ तात्पुरतं म्हणजे पुढचा राउटर येईपर्यंत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर बळकावले ते कसलीही अद्भुत विद्या न वापरता. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या पुरल्या. तुमच्या लॉगमध्येही ‘रूट’ आणि ‘अ‍ॅडमिन’ नावाचे अनोळखी लोक लवकरच दार ठोठावू लागतील. चला, कुणाला तरी तुमचा सर्व्हर सापडला! आणि यूएफडब्ल्यू (लिनक्सवरची सोपी फायरवॉल) चालू आहे म्हणून निर्धास्त असाल तर उत्तमच. डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बाहेर काढलेलं पोर्ट त्या नियमांना बगल देऊन उघडतं, हे कुणाच्या सांगण्यावरून कळण्यापेक्षा स्वतः अनुभवावं.

एक सल्ला मात्र मनापासून: टीसीपीडम्पपासून (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या साधनापासून) लांब राहा. ते सर्व्हरवर चालू करायचं आणि बाहेरून कुणाला तरी लिंक उघडायला सांगायची. पॅकेट येताना दिसलं तर दोष सर्व्हरचा: प्रोग्राम १२७.०.०.१ वरच (म्हणजे फक्त स्वतःच्याच यंत्राकडे) कान देऊन बसलाय, किंवा फायरवॉल आडवी आलीय. काहीच आलं नाही तर दोष राउटरकडे किंवा त्याच्याही पलीकडे. अर्ध्या मिनिटात निम्मा प्रदेश शोधातून बाद! मग रात्रभर करायचं काय?

तरीही एखाद्या रात्री अडीच वाजता ते चालू लागेल. नऊ बदल एकदम केलेले असतील. कोणत्याने काम झालं हे लिहून ठेवू नका. शेवटी वैतागून सर्व्हरला २० नंबरचा पत्ता दिलात आणि त्याच्यासाठी ८०८१ चा नवा नियम लिहिलात, एवढं अंधुक आठवत असेल. ‘टेस्ट’, ‘टेस्ट२’, ‘फायनल’ हे जुने नियम तसेच राहू द्या. त्यांतला पहिला अजूनही १०५ कडे बोट दाखवतो, आणि नातेवाइकांना पाठवलेली लिंक त्याचीच आहे. प्रिंटरलाही पोर्ट ८० वर स्वतःचं एक छोटंसं वेबपान असतं.

सकाळी मावशींचा निरोप येईल: मुंजीचे फोटो काही दिसत नाहीत, पण तुमची काळी शाई संपत आलीय.