शून्य रुंदीचं वावर

पोरगं इंजिनिअरिंगला धाडलं की बाप कधीतरी विचारतोच, "काय शिकून राहिला बे?" बाकी विषयांवर काहीबाही सांगून सुटता येतं. सिग्नल्स अँड सिस्टिम्समधलं युनिट इम्पल्स फंक्शन मात्र शेतकऱ्याच्या घरात काढू नये.

मी काढलं. "शून्य क्षण सोडला तर सगळीकडं किंमत शून्य. त्या क्षणाला उंची अनंत, रुंदी काहीच नाही. पण क्षेत्रफळ एक."

तंबाखू मळता मळता बाबांचा अंगठा थांबला. "एक काय? एकर का हेक्टर?"

"नुसतंच एक."

"अन् रुंदी शून्य? कोन्या तलाठ्यानं मोजलं बाप्पा?"

आमच्याकडं वीतभर धुऱ्यासाठी लोक तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. मग मी दुसरीकडून धरलं. एक बाय एकचा चौकोन घ्या. रुंदी अर्धी, उंची दुप्पट. रुंदी पाव, उंची चौपट. क्षेत्रफळ तेच. असंच अरुंद करत न्यायचं. हे त्यांना लगेच पटलं, कारण आजोबांच्या माघारी वावराच्या अशाच पट्ट्या पडल्या होत्या. "पन त्यात वखर फिराले पाह्यजे ना बे!"

वखर गणितज्ञांचाही अडला होता. हे इम्पल्स नेहमीच्या अर्थानं फंक्शनच नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकनं १९३० च्या पुस्तकात ते बिनधास्त वापरलं, आणि त्याला पक्का पाया नंतर गणितज्ञ लोराँ श्वार्त्झनं घातला; श्वार्त्झला १९५० साली गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं. डिरॅकची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, म्हणजे गडी आमच्यातलाच: काम चालवून घ्या, कागदपत्रं मागाहून.

आकृतीत तर एक बाण काढतात आणि शेजारी १ लिहितात. तो १ उंचीचा नव्हे, क्षेत्रफळाचा. "मंग नकाशाच खोटा," बाबा म्हणाले.

उपयोग सांगितला. सिस्टिमला असा एकच ठोका द्यायचा, तिचा प्रतिसाद टिपायचा. पुढं कुठल्याही इनपुटचं आउटपुट कॉन्व्होल्यूशननं निघतं, म्हणजे इनपुटचे बारीक ठोके धरून त्यांच्या प्रतिसादांची बेरीज करायची. (सिस्टिम लिनिअर, म्हणजे बेरजेला बेरीज अन् पटीला पट देणारी, आणि टाइम-इन्व्हेरियंट, म्हणजे आज-उद्या सारखीच वागणारी हवी, हे गिळून टाकलं. अटी-शर्ती म्हटलं की बाबांना पीकविमा आठवतो.)

काका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांचा आमचा धुऱ्याचा वाद जुना.

"भाऊ, पोरगं बराबर सांगून राह्यलं. आपल्या धुऱ्याचीबी रुंदी शून्यच धर ना."

"धरतो. अन् ते क्षेत्रफळ एक कोनाच्या सातबाऱ्यावर चढवतं?"