झाडं तोडायचा कंटाळा येत नाही, हजेरी लावायचा येतो

माझ्या पुतण्याच्या मते मी जगातला सगळ्यात रटाळ गेम खेळते. तो बॅटल रॉयलवाला. पॅराशूटनं उतरायचं, अर्ध्या तासाच्या आत मरायचं नाहीतर जिंकायचं, की पुन्हा विमानात बसायचं. माझ्या मोबाईलमध्ये डोकावून तो दर वेळी एकच विचारतो, "काकू, काय करलालीस? परत झाडंच?" हो रे बाबा, परत झाडंच. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये माझी बाई कुऱ्हाड घेऊन झाडापाशी उभी असते आणि मी इकडे चटणीसाठी शेंगा सोलत असते. दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

त्याच्या एकट्याचं मत असतं तर सोडून दिलं असतं. पण एमएमओ, म्हणजे एकाच जगात हजारो जण ऑनलाइन खेळतात ते गेम, म्हटलं की बहुतेकांचं हेच ऐकायला येतं. तेच ते काम, तासन्‌तास ग्राइंड, म्हणून कंटाळवाणं. मला हे अजिबात पटत नाही. तेच ते करण्याचा माणसाला कंटाळा येत नाही. शेजारी उभा असलेला माणूस अडचण वाटायला लागला, किंवा तो असून नसून सारखाच झाला, की गेम कंटाळवाणा होतो. मी इतकी वर्षं वेगवेगळे गेम धरले आणि सोडले, त्या सगळ्यांना हा एकच हिशोब लागू पडतो.

रूनस्केप मी पहिल्यांदा खेळले ते नवी पेठेतल्या एका कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन. कॅफेवाल्याला मशीनवर काही इन्स्टॉल केलेलं खपायचं नाही आणि या गेमला ते लागायचंच नाही, ब्राउझरमध्ये उघडायचा. गॉवर बंधूंनी इंग्लंडमध्ये तो 2001 साली सुरू केला. आज आपण खेळतो ती ओल्ड स्कूल आवृत्ती म्हणजे कंपनीकडे सापडलेला 2007 चा बॅकअप. लोकांनी मतदान करून मागितला म्हणून 2013 मध्ये पुन्हा चालू केला, आणि 2018 पासून मोबाईलवर आला. कुठल्याही कौशल्याची लेव्हल 99 गाठायला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. त्यातही 92 व्या लेव्हलला पोचलात तरी तुम्ही जेमतेम अर्ध्या वाटेवर असता! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. असा गेम लोक वीस-पंचवीस वर्षं खेळतात ते काही वेडे म्हणून नाही.

आता एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. जुन्या नियमात बहुतेक झाडांचं असं होतं की प्रत्येक ओंडका निघाला की झाड आडवं होण्याची शक्यता. म्हणजे तुम्ही यू नावाच्या झाडाला कुऱ्हाड लावली आणि दुसरं कुणी येऊन शेजारी उभं राहिलं की पोटात गोळा. तो तोडणार ते तुमच्याच वाट्यातलं. मग एक तर वर्ल्ड, म्हणजे सर्व्हर, बदलून पळायचं, नाहीतर शिव्या घालायच्या. 2023 मध्ये फॉरेस्ट्री नावाचं अपडेट आलं. झाड किती वेळ टिकणार हे घड्याळावर ठरायला लागलं, किती ओंडके निघाले यावर नाही. वर एकाच झाडाला अनेक जण लागले तर प्रत्येकाला थोडा बोनस मिळायला लागला. झाड तेच, कुऱ्हाड तीच. टकटक टकटक तीच. पण आता नवीन कुणी आलं की आम्ही "या, या" म्हणतो. परवा ब्राझीलच्या एका माणसाला मी कडक भाकरी समजावून सांगत बसले. महिनाभर टिकते म्हटल्यावर तो म्हणाला, ही तर गेममधलीच वस्तू वाटते, किती हेल्थ वाढते? संध्याकाळभर लाकडं तोडली आणि कंटाळ्याचं नावसुद्धा नाही.

याच्या उलटही झालेलं आहे. 1999 चा एव्हरक्वेस्ट घ्या. मेलात तर कमावलेला एक्सपी जायचा, अंगावरचं सामान प्रेतापाशी पडून राहायचं आणि ते आणायला तसंच उघड्यावाघड्यानं परत जायचं. मंत्रवाल्यांना मॅना, म्हणजे मंत्रांची शक्ती, भरून येईपर्यंत बसून राहावं लागायचं, सुरुवातीच्या काळात तर मंत्राचं पुस्तक अख्ख्या स्क्रीनवर पसरायचं, बाकी काही दिसायचंच नाही. आज कुणी असा गेम काढला तर पहिल्याच दिवशी लोक परत करतील, मीही करीन. पण त्या बसून राहण्यातच लोक बोलायचे. काम काय करतोस, पोरं किती, सगळं.

मग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, 2004 मध्ये. त्यातल्या डंजनला, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या गुहेला, पाच जण लागतात, एक मार झेलणारा टँक, एक जखमा भरणारा हीलर, तीन मारणारे. आधी हे पाच जण जमवायला चॅटमध्ये हाका मारायच्या, ओळखीपाळखी काढायच्या, मग डंजनच्या दारापर्यंत जायचं. नीट खेळलात तर दुसऱ्या दिवशी तीच माणसं तुम्हाला बोलवायची, लूट पळवलीत तर सगळ्या सर्व्हरवर नाव खराब. डिसेंबर 2009 मध्ये डंजन फाइंडर आला. एक बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र. सोय झाली, नाही कशाला म्हणू? रात्री भांडी आवरून तासभर मिळणाऱ्या माझ्यासारखीला तर ते वरदानच. पण ते पाच जण एकमेकांना साधं 'हाय' म्हणेनात. बॉस, म्हणजे मोठा राक्षस, मारला की गायब, पुन्हा कधी भेटायचे नाहीत. सोललेल्या हुरड्याचं पाकीट घरी आणून खाल्लं तर पोट भरतं, चवही तीच लागते. पण आगटीभोवती बसून, हात पोळत, कुणाची तरी टर उडवत कणसं भाजायची वाट बघायची, ते पाकिटात येत नाही. 2019 मध्ये वॉरक्राफ्टचं जुनं रूप क्लासिक म्हणून पुन्हा आलं, ते फाइंडरशिवाय. पहिल्या दिवसांत एकच राक्षस मारायला खेळाडूंनी शिस्तीत रांगा लावल्या, त्याची चित्रं तेव्हा सगळीकडे फिरली. पंधरा वर्षं जुन्या गेममध्ये रांगेत उभं राहायला लोक पैसे भरून आले.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे सोयी नकोत, जुनं तेच सोनं. तसंही नाही. फायनल फँटसी 14 मध्येही बटण दाबून पार्टी जमते. तरी तिथलं वातावरण वेगळं. हा गेम 2010 मध्ये सपशेल आपटला होता. मग योशिदा नावाच्या माणसाच्या हाती दिला, त्यानं गोष्टीतच चंद्र पाडून जुनं जग संपवलं आणि 2013 मध्ये नव्यानं उभं केलं. तिथल्या रूलेटमध्ये, म्हणजे डंजन गेमच निवडतो त्या सोयीत, जुन्या खेळाडूंना मुद्दाम जुन्या डंजनात पाठवतात, त्याचं बक्षीस देतात, म्हणजे नव्यांना माणसं मिळावीत. पार्टीत कुणी पहिल्यांदा आलेला असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस. त्यामुळे नवखा आला की लोक वैतागत नाहीत, खूश होतात. डंजन संपल्यावर चांगल्या खेळाडूला शाबासकीचं मत देता येतं. बटण तेच. पण समोरचा माणूस आपल्या फायद्याचा आहे हे गेमनंच ठरवून टाकलं. गिल्ड वॉर्स 2 नं तर 2012 पासून हाच पाया धरला आहे. राक्षसाला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला आपापली लूट, खाण सगळ्यांसाठी वेगवेगळी, पडलेल्या कुणालाही कुणीही उठवावं. वर लेव्हलची मर्यादा तेव्हापासून 80 च. दिवाळीत महिनाभर बंद ठेवला तरी परत आल्यावर आपण मागं पडलेलो नसतो.

माझा लाडका प्रकार मात्र रूनस्केपमधला विंटरटोट. हा बॉस आहे, पण त्याच्यावर तलवार चालवायची नसते, त्याला ऊब द्यायची असते. बर्फाळ आवारात चार अंगारपात्रं असतात. मुळं तोडून आणायची, जमलं तर चाकूनं ढलप्या करायच्या, आगीत टाकत राहायचं. वादळाच्या झोतानं आग विझते, ती परत पेटवायची. अधूनमधून तुम्हीच गारठता, मग स्वतःला सावरायचं. कोपऱ्यात मंत्रवाले बेशुद्ध पडतात, त्यांना औषध पाजायला बहुतेक जण जात नाहीत, कारण तेवढ्या वेळात आगीचे पॉइंट बुडतात. पण एखादा जातो. न सांगता जातो. त्याला सगळे बघत असतात, कुणीतरी 'थँक्स' टाकतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा 44 ला टेकलेला, लाइट गेलेली, मोबाईल डेटावर मी लोकरी टोपी घातलेली बाई घेऊन शेकोटी सांभाळतेय, आणि सासूबाई विचारतायत, "एवढं काय हसतेस?"

आता कंटाळ्याकडे येते. सगळ्यात वाईट कंटाळा 'डेली'चा. एका मोबाईल एमएमओमध्ये मी अडकले होते, नाव घेत नाही. रोज लॉगिन करा, रोज ठरावीक पाच कामं करा, सात दिवस सलग केलीत तर मोठी पेटी, एक दिवस चुकला की पहिल्यापासून. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरून डोकं बधिर होऊन घरी यायचं आणि गेममध्ये परत हजेरीपट? नोकरीत निदान पगार असतो. त्यातली कामंही एकट्यानं करायची, पाच मिनिटांत संपायची, कुणाच्या नजरेतही यायची नाहीत. झाडं तोडण्यापेक्षा कितीतरी सोपी, आणि असह्य.

त्याच गेममध्ये 'ऑटो' होतं. बाई आपली आपण चालते, आपली आपण मारते, आपण फक्त बघायचं. मी चार्जिंगला लावून झोपायचे, सकाळी लेव्हल वाढलेली. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. जो गेम मला हात लावू देत नाही तो मी कशाला खेळू?

पैसे भरून पुढं जाणाऱ्यांबद्दल माझं मत लोकांपेक्षा मवाळ आहे. कपडे, रंगीत घोडे, खुशाल विका. पण जो पैसे भरतो त्याला इतरांची गरजच उरत नाही, आणि जो भरत नाही त्याचा इतरांना उपयोग उरत नाही. दोघांनाही शेवटी कंटाळाच.

आणि गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी. इथं मात्र माझाच मुद्दा माझ्यावर उलटतो, कारण माणसं असली की भांडणं आली. एका गिल्डमध्ये लुटीचा हिशोब माझ्याकडे होता. रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठे बॉस मारायच्या मोहिमेला, हजर राहिलं की गुण, वस्तू घेतली की गुण वजा. ही पद्धत एव्हरक्वेस्टच्या काळापासूनची, डीकेपी म्हणतात. मला मजा यायची, जमा-नावे पक्कं. एकदा सगळ्यांना हवी असलेली तलवार पडली, गुणांत पहिला एक शांत मुलगा होता, कधी गैरहजर नाही. गिल्डच्या प्रमुखानं ती आपल्या मित्राला दिली. म्हणाला, "वही काय, आपलीच आहे." मी वहीची लिंक चॅटमध्ये टाकली आणि गिल्ड सोडली. मागोमाग तो मुलगाही गेला आणि आणखी काही जण. तो गेम सोडायचं कारण ग्राइंड नव्हतं, ही वही होती. खरं तर त्या वहीसाठीच मी आठवडाभर वाट बघायचे. अंतराळातल्या ईव्ह ऑनलाइनला लोक हेटाळणीनं एक्सेल शीटचा गेम म्हणतात. 2022 मध्ये त्या आइसलँडच्या कंपनीनं खरोखरच एक्सेल जोडायची घोषणा केली आणि मला माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे कळलं.

माईकबद्दल एवढंच की बाईचा आवाज ऐकला की लोक मला हीलर धरतात. मी टँक खेळते. दोन-तीनदा त्यांना मरू दिलं की समजतं.

प्रत्येकाची मजा वेगळी, हा नेहमीचा युक्तिवाद मला माहीत आहे. रिचर्ड बार्टल, एसेक्स विद्यापीठात 1978 पासून बनलेल्या पहिल्या मडच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांतल्या ऑनलाइन गेमच्या, दोन कर्त्यांपैकी एक, यानं 1996 मध्येच खेळाडूंचे चार प्रकार मांडले. मिळवणारे, भटकणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला मारणारे. पुतण्या चौथ्यातला, मी तिसऱ्यातली, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मिळवणाऱ्यालाही 99 व्या लेव्हलला मिळणारी ती केप दाखवायला कुणीतरी लागतंच ना? रिकाम्या जगात ती घालून कुठं फिरणार?

कुणाला सुरुवात करायची असेल तर सोलापूरकरांसाठी व्यवहाराचं सांगते. गिल्ड वॉर्स 2 चे सर्व्हर युरोप-अमेरिकेत, पिंग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, जाणवतो, पण मूळ गेम फुकट सुरू करता येतो. फायनल फँटसी 14 ची फ्री ट्रायल 70 व्या लेव्हलपर्यंत, मुदत नाही, मात्र चांगला पीसी नाहीतर कन्सोल लागतो. आणि रूनस्केपचं घड्याळ मुळातच 0.6 सेकंदाला एक टिक असं चालतं, त्यामुळे आपल्याकडचं रडतखडत चालणारं नेटही त्याला पुरतं. विंटरटोटला मेंबरशिप लागते, झाडांना नाही. मी बहुतेक शनिवारी रात्री साडेनऊनंतर असते, वर्ल्ड नंबर कमेंटमध्ये टाकते. कुऱ्हाड घेऊन या, लोखंडाची चालेल.