हत्शेपसुतने गादी बळकावली होती का?

प्राचीन इजिप्तच्या हत्शेपसुतविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तिने सावत्र मुलगा तिसरा थुतमोस याचे राज्य बळकावले, खोटी दाढी लावून आपण पुरुष असल्याचे प्रजेला भासवले आणि ती मरताच सूडाने पेटलेल्या थुतमोसने तिचे नाव पुसून टाकले, असे त्यात म्हटलेले असते. त्या काळातले कोरीव लेख आणि अवशेष या तिन्ही विधानांच्या विरोधात जातात.

दुसरा थुतमोस वारला तेव्हा त्याचा वारस, म्हणजे तिसरा थुतमोस, लहान होता. पहिल्या थुतमोसची मुलगी आणि मृत राजाची पट्टराणी या नात्याने कारभार हत्शेपसुतकडे आला, आणि इनेनी या अधिकाऱ्याच्या थडग्यातील लेखात तशी नोंद आहे. सातव्या राज्यवर्षापर्यंत तिने फॅरोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, सर्व बिरुदे धारण केली हे खरे. परंतु मुलाला गादीवरून दूर केले नाही. राज्यवर्षे त्याच्याच राज्यारोहणापासून मोजली जात राहिली आणि तिने कर्नाकच्या मंदिरसमूहात उभारलेल्या लाल देवघराच्या शिळांवर दोघेही राजवेशात एकत्र कोरलेले आहेत. ज्याचे राज्य हिरावून घेतले, त्याची राजा म्हणून प्रतिमा कोणी आपल्याच देवघरावर कोरून घेईल, हे मला पटत नाही.

वेषांतराचा आरोप तर लेख न वाचताच केलेला आहे. प्राचीन इजिप्ती भाषेत स्त्रीलिंगी शब्दांना ‘त’ हा प्रत्यय लागतो आणि हत्शेपसुतच्या लेखांत तो जागोजागी आढळतो. राजाच्या ‘रेचा (सूर्यदेवाचा) पुत्र’ या बिरुदाऐवजी तिथे ‘रेची कन्या’ असे येते. मराठीत ‘राजा आली’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला राजा पुरुष असल्याचा भ्रम होणार नाही, तसेच हे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील तिच्या एका बैठ्या पुतळ्याच्या डोक्यावर राजाचे शिरोवस्त्र आहे, पण देह उघडपणे स्त्रीचा आहे. दाढी हे राजपदाचे चिन्ह होते. शिवाय तिच्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे आधी सोबेकनेफेरू ही स्त्री फॅरो होऊन गेली होती.

सूडाची कथा सर्वांत जास्त पसरली आहे आणि तीच कालगणनेवर टिकत नाही. हत्शेपसुत इ. स. पू. १४५८ च्या सुमारास वारली, तर तिची नावे खोडण्याचे काम थुतमोसच्या ४२ व्या राज्यवर्षाच्या आसपास, म्हणजे सुमारे वीस वर्षांनी सुरू झाले असे अभ्यासक मानतात. रागाच्या भरात कोणी वीस वर्षे थांबत नाही. त्यातही तिच्या राजा म्हणून कोरलेल्या प्रतिमा छिन्नीने काढल्या गेल्या, तर राणी म्हणून कोरलेल्या बहुतांशी तशाच राहिल्या. त्यामुळे आक्षेप तिच्या राजपदाला होता, असे मानण्यास जागा आहे. पुढचा राजा दुसरा अमेनहोतेप याचा वारसाहक्क निर्वेध करणे, हा त्यामागचा हेतू असावा असे काही अभ्यासकांना वाटते. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिरातील पुतळ्यांवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्यांतील अनेक पुतळे मान, कंबर आणि गुडघे या ठिकाणी तोडलेले आहेत. पुतळ्यातील शक्ती काढून घेण्याची ही रीत इतर राजांच्या पुतळ्यांबाबतही पाळली जात असे.

कर्नाकचा तिचा सुमारे ३० मीटर उंचीचा ओबेलिस्क (एकाच दगडाचा निमुळता स्तंभ) थुतमोसच्या काळात पाडला गेला नाही, तर त्याच्या खालच्या भागाभोवती बांधकाम करण्यात आले. खाणीतले काम सात महिन्यांत पुरे झाल्याचे सांगणारा तिचा लेख त्या बांधकामाआड सुरक्षित राहिला आणि आजही तो वाचता येतो.