काळ्या दगडाच्या नावाखाली सावल्या विकू नका

साडेसातशे रुपये! 'देवळाचा जुना काळा दगड, फोर-के, संपूर्ण पीबीआर संच' या नावाने ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये भिंतीवर चढवायचं टेक्स्चर म्हणून साडेसातशे रुपयांना जे गळ्यात मारलंय, तो भर उन्हात मोबाईलवर काढलेला भिंतीचा एक फोटो आहे. पीबीआर संच म्हणजे दगडाने खऱ्यासारखा उजेड झेलावा म्हणून रंग, उंचसखलपणा, खरखरीतपणा अशा वेगवेगळ्या फाइली. इथे एकच फोटो, आणि त्याचीच उलटसुलट रूपं करून पाच फाइली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आधी बेस कलर, म्हणजे उजेड-सावलीशिवायचा दगडाचा मूळ रंग, बघा. प्रत्येक दगडाच्या उजव्या अंगाला आणि बुडाला काळी कड आहे. म्हणजे फोटोच्या वेळी ऊन डावीकडून, वरून येत होतं. ती सावली आता दगडाचा रंग होऊन बसली. पंचवटीतलं सकाळचं अंगण उभं करायचं आणि सूर्य उजवीकडे ठेवायचा, तर दगड उजवीकडून उजळतो आणि त्याची सावलीही उजवीकडेच! एका भिंतीवर दोन सूर्य. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण भिंत खोटी आहे हे पहिल्या सेकंदात कळतं. मग तुम्ही बसा तीन तास लाइट सरकवत.

आकडेच बघू. कोरड्या काळ्या बेसाल्टचा बेस कलर २५५ पैकी साधारण ६० ते ९० मध्ये बसायला हवा. लिनिअरमध्ये, म्हणजे खऱ्या उजेडाच्या मापात, हे ०.०४५ ते ०.१० होतं, म्हणजे पडलेल्या उजेडातला पाच ते दहा टक्के परत येतो. या फाइलीत सांध्यांमध्ये कलर पिकर लावला तर ८ येतात, दगडाच्या उजळ तोंडावर १७०. आठ म्हणजे पाव टक्का. अरे, लोणारी कोळसासुद्धा चारेक टक्के उजेड परत देतो! आणि १७० म्हणजे चाळीस टक्के, तो तर सिमेंट काँक्रीटचा रंग झाला. एकाच दगडाचं एक तोंड कोळशाहून काळं आणि दुसरं काँक्रीटसारखं, आणि वर शिक्का 'पीबीआर'चा. त्या तीन अक्षरांचा अर्थच मुळी हा, की रंग वेगळा, उजेड वेगळा. विकणाऱ्याला तेवढंही माहीत नसेल तर त्याने ती अक्षरं वापरू नयेत.

नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभागाचे उतार सांगणारी फाइल, तर कहरच आहे. फोटो करडा केला आणि 'उजळ म्हणजे उंच, गडद म्हणजे खोल' असं समजणाऱ्या फिल्टरमधून काढला. भिंतीवर कधीकाळी चुन्याचे शिंतोडे उडाले होते. ते पांढरे, म्हणून त्यांची टेंगळं झाली. पावसाच्या पाण्याचा काळा ओघळ आला होता, त्याची बोटभर खोल चर झाली. खरे टाकीचे घाव, ज्यांच्यासाठी माणूस असला दगड विकत घेतो, ते मात्र पुसट, कारण घावाच्या आत आणि बाहेर रंग एकच असतो. घाव दिसतो तो उजेड तिरपा पडल्यावर. रंगात घाव नसतोच, त्यामुळे रंगातून तो काढता येत नाही. हे समजायला कुणाची पदवी लागत नाही, टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेला उभं राहिलं की समजतं.

रफनेसची, म्हणजे खरखरीतपणाची, फाइल म्हणजे तोच करडा फोटो, साधा उलटासुद्धा केलेला नाही. रफनेसमध्ये काळं (०) म्हणजे गुळगुळीत, पांढरं (१) म्हणजे खरखरीत. मग दगडांच्या मधले सांधे, जिथे प्रत्यक्षात चुना, माती आणि शेवाळ असतं आणि जिथे ०.९च्या खाली जायचं काही कारणच नाही, ते तेल ओतल्यासारखे चकाकतात. त्या चकाकत्या चिरांमध्ये सूर्याचं प्रतिबिंब सापडतं आणि रेंडरवर, म्हणजे तयार चित्रावर, पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो.

हे ठिपके दाखवून कुणाला विचारलं की एकच उत्तर: सॅम्पल्स वाढव, म्हणजे दर पिक्सेलला जास्त किरण सोड. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सॅम्पल्स चौपट केले तर नॉइज निम्मा होतो. म्हणजे सहा मिनिटांची फ्रेम चोवीस मिनिटांवर नेली तरी ठिपके अर्धेच कमी, आणि मूळ रोग तसाच. रफनेस नोडच्या पुढे मॅप रेंज (आकड्यांची कक्षा बदलणारा नोड) टाकून किमान ०.६५ करून बघा, अर्धे ठिपके त्याच क्षणी जातात. पण ते कोण सांगणार? पुढचा शहाणा सांगतो, डीनॉइझर, म्हणजे ठिपके पुसणारं साधन, लाव. लावा, पण अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल हे पास, म्हणजे चित्राचे वेगळे थर, जोडल्याशिवाय लावलात तर दगडाचा सगळा कण पुसून त्याचं मेण होतं.

डिस्प्लेसमेंट, म्हणजे पृष्ठभाग खरोखर आतबाहेर सरकवणारी फाइल, आठ बिटची जेपीजी. आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. चार सेंटिमीटर खोली दिली की एक पायरी ०.१६ मिलिमीटरची. समोरून उजेड असेल तर चालून जातं. ऊन भिंतीला घासून जात असेल, आणि दगडी भिंतीचं सगळं सौंदर्य तेव्हाच असतं, तर गोलसर उतारांवर भातखाचरांसारख्या ताली दिसतात. वर जेपीजीचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन. सोळा बिट पीएनजी किंवा ईएक्सआर द्यायला काय पैसे पडतात? हे सगळं असताना संचाखाली पंधरा जणांनी 'मस्त', 'एकदम रिअलिस्टिक' लिहून ठेवलंय. त्यातल्या एकाने तरी सूर्य फिरवून बघितला असता तर!

हा संच पहिला नाही, म्हणून एवढा संताप आहे. फुकटचे असोत की विकतचे, नॉर्मल मॅप ओपनजीएलचा की डायरेक्टएक्सचा (तो लिहायच्या दोन पद्धती) हे निम्मे लोक लिहीतच नाहीत. ब्लेंडरला ओपनजीएल लागतो. दुसऱ्या जातीचा जोडला की हिरवा चॅनल उलटा, उंचवटे खड्डे होतात आणि खड्डे उंचवटे. ओळखायला सोपं आहे: फक्त हिरवा चॅनल उघडायचा, उंचवट्यांची वरची बाजू उजळ दिसली तर ओपनजीएल, खालची दिसली तर हिरवा उलटा करून घ्यायचा. एका शब्दाचं काम, ते फाइलीच्या नावात लिहायला बोटं दुखतात का? आणि शिकवणारे! वीस-वीस मिनिटं बोलतात पण नॉर्मल, रफनेस, डिस्प्लेसमेंटला कलर स्पेस 'नॉन-कलर' (रंग नव्हे, नुसते आकडे) करा हे सांगत नाहीत. शिकणारा पोरगा एसआरजीबीवरच, म्हणजे रंगाच्या मापावरच, ठेवतो आणि मग दगड प्लास्टिकचा का दिसतो म्हणून महिनाभर डोकं फोडतो.

कडा पांढऱ्या करायची साथ तर आलीच आहे. पॉइंटीनेस (कडा शोधणारा आकडा) काढला, कलर रॅम्प (आकड्याचा रंग करणारा नोड) लावला, प्रत्येक कोपऱ्याला पांढरी किनार. रंग दिलेल्या लोखंडी पेटीचा रंग कोपऱ्यावर उडतो, ते बरोबर. दगडाला आतबाहेर एकच रंग, तिथे काय उडणार? देवळाचा उंबरठा बघा, खांबाचा कमरेच्या उंचीवरचा भाग बघा. हात लागून, तेल लागून तिथला दगड आणखी काळा आणि गुळगुळीत होतो, रफनेस ०.४ पर्यंत उतरतो. बाकीची भिंत ०.८. पांढरं काहीच होत नाही. डागाला कारण असतं हो. गोदेला पूर आला, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, ओसरलं, की घाटावरच्या भिंतींना एकाच पातळीवर गाळाची आडवी रेघ राहते. सगळ्या भिंतींना एकाच उंचीवर! कुठलाही तयार ग्रंज मॅप (मळाच्या डागांची फाइल) ही रेघ देत नाही. झेडची, म्हणजे उभ्या अक्षावरची, उंची काढा, पाच-सात सेंटिमीटरचा नॉइज (वेडावाकडेपणा) मिसळा, डाग कुठे पडावा ते सांगणारा मास्क तयार. पण नाही, सगळीकडे तोच ठिगळांचा काळपटपणा शिंपडायचा.

ओला दगडही असाच. रफनेस ०.१ केला की झाला ओला, असं म्हणतात आणि लादीवर वार्निश मारल्यासारखं चित्र टाकतात. पाण्याचा थर उजेड आतल्या आत परत फिरवतो, दगड त्यातला आणखी पितो, म्हणून ओला दगड काळा पडतो. बेस कलर साधारण निम्मा करा, दगडाचा स्वतःचा रफनेस तसाच ठेवा, आणि वरून कोट (पारदर्शक थर) १, कोटचा रफनेस ०.०५, आयओआर (वक्रीभवनांक) १.३३. पायरीच्या सपाट भागावर भरपूर, उभ्या भागावर फक्त ओघळ. श्रावणात रामकुंडाच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसतं.

आणि तो सूर्य. परदेशी ट्यूटोरियल बघून दुपारचा सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर ठेवतात आणि खाली लिहितात 'भारतीय वाडा, दुपार'. नाशिक वीस अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतानासुद्धा, मध्यान्हीला तो साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, मीटरभर खांबाची सावली पंच्याण्णव सेंटिमीटर. २० मेच्या आसपास तर साडेबाराला बरोब्बर डोक्यावर. तेव्हा वाड्याच्या चौकात भिंतींवर ऊन पडतच नाही, फक्त फरसबंदी पेटलेली असते आणि ओसरीतला सगळा उजेड त्या फरशीवरून उसळून वर येतो. तुळयांची खालची बाजू उजळते! ही नाशकातली मे महिन्याची दुपार. त्यासाठी डिफ्यूज बाउन्स (उजेड किती वेळा उसळतो तो आकडा) चारच्या खाली आणू नका, आणि फरशीचा रंग चुकवू नका, कारण तोच आता तुमचा दिवा आहे. सन लाइटचा अँगल, म्हणजे आकाशात सूर्य केवढा दिसतो तो कोन, ०.५३ अंशांवर ठेवा. तेवढ्या अँगलला सावलीची कड दर मीटर अंतराला नऊएक मिलिमीटर पसरते. तीन मीटर वरच्या पाटणाची (लाकडी माळ्याची) सावली खाली अडीच-पावणेतीन सेंटिमीटर मऊ होते. शून्य अँगल म्हणजे कात्रीने कापलेला कागद.

वर 'भारत' म्हटलं की पिवळा वालुकाश्मच. काळाराम मंदिर १७९२च्या सुमारास पुरं झालं, अख्खं काळ्या दगडात. दगड नाशिकजवळच्या रामशेजहून आणल्याचं सांगतात. सगळी जुनी पंचवटी काळी आहे, आणि लायब्रऱ्यांमध्ये 'भारतीय देऊळ' शोधलं की राजस्थान येतं. म्हणून तर माणूस 'काळा दगड' वाचल्यावर साडेसातशे रुपये काढून देतो.

कोनाड्याचं एक सांगितलंच पाहिजे, कारण त्यात सगळं उघडं पडतं. दगडी भिंतीत वीतभर खोल कोनाडा, आत पणती. ज्योतीच्या बरोबर वर काजळीची जिभेसारखी लांब रेघ, जी कमानीवरून बाहेर येऊन भिंतीवर हातभर चढलेली असते. तिचा रफनेस एक, रंग दगडाहूनही काळा. खाली सांडलेल्या तेलाचा तुकतुकीत ओघळ, ०.२५. त्यावर चिकटलेली धूळ आणि कुंकवाचे कण. पॉइंट लाइटची त्रिज्या एक सेंटिमीटर, ब्लॅकबॉडी (ज्योतीच्या रंगाचं तापमान) १९००. ज्योतीपासून दहा सेंटिमीटरवरचा दगड मीटरभरावरच्या दगडापेक्षा शंभरपट उजळतो, म्हणून व्ह्यू ट्रान्स्फॉर्म (उजेडाचे आकडे पडद्यावर आणायची पद्धत) 'स्टँडर्ड' ठेवलात तर कोनाडा पिवळ्याजर्द रंगात फुटतो. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स आहे, ते वापरा. आता या कोनाड्यात तो रंगातच सावली भाजलेला दगड लावून बघा. पणती खाली आणि दगडांच्या सावल्याही खालीच! संपलं सगळं.

त्यात रेंडर चालू असताना मध्येच लाईट जाते. अडीचशे फ्रेम, सहा मिनिटांची एक, म्हणजे पंचवीस तास. आणि अजूनही 'थेट एमपी-फोरमध्ये रेंडर करा' असं शिकवणारे आहेत! विसाव्या तासाला लाईट गेली की सगळी फाइल मातीमोल. पीएनजी किंवा ईएक्सआरची मालिका काढा, ओव्हरराइटची खूण काढा, प्लेसहोल्डर्सचीही काढून ठेवा, म्हणजे अर्धवट फ्रेमच्या नावाची रिकामी फाइल मागे राहत नाही आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं.

चांगलं टेक्स्चर काढणं अवघड आहे असंही नाही, आणि राग त्याचाच आहे. पावसाळ्यात ढगाळ दिवस बघायचा, भिंत कोरडी असताना जायचं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) फोटो, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर कुलूपबंद, पहिल्या फोटोत १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड आणि एक फूटपट्टी. सरकत सरकत जायचं, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सत्तर टक्के भाग आला पाहिजे. दोन मीटर रुंद तुकड्याला साठ-सत्तर फोटो पुरतात. फोटोंतून थ्रीडी आकार काढणारं मेशरूम फुकट आहे, त्यात मेश (जाळीचा आकार) करायची आणि त्या खऱ्या आकारातून नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट भाजून, म्हणजे फाइलीत उतरवून, घ्यायचे. एका सकाळीचं शूटिंग आणि एका रात्रीचं मशीनचं काम. एवढं करणाऱ्याने दोन हजार मागितले तरी आनंदाने देऊ.

विकणाऱ्या भाऊ, पैसे परत नको आहेत. वर्णनात तीन गोष्टी लिहा: फोटो उन्हातला की ढगाळ हवेतला, तुकडा किती मीटरचा, नॉर्मल कुठल्या जातीचा. आणि चौथी, त्या फोटोतला ओघळ क्लोन करून काढा. दोन मीटरच्या तुकड्यात एक आहे, माझी भिंत बारा मीटरची आहे, सहा वेळा तोच ओघळ दिसतोय.