ताणकाट्यावरचा सर्व्हर

आमच्या भोसरीच्या कारखान्यातला सर्व्हर, म्हणजे सगळा हिशेब सांभाळणारा संगणक, कधी बदलावा, याविषयी मी सात पानांचे टिपण लिहिले होते. त्याचा निकाल गेल्या शुक्रवारी भंगारवाल्याने दिला, आणि तोही तंबाखू मळता मळता. हे मी अजून विसरलेलो नाही आणि एवढ्यात विसरण्याचा माझा विचारही नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, विजेचाही भरवसा नाही. म्हणून बुधवारी रात्री सर्व्हर बंद होतो आणि शुक्रवारी सकाळी तो उठेल की नाही, या विवंचनेत माझा गुरुवार जातो. त्यातली माहिती साठवणारी, तेरा वर्षे फिरलेली डिस्क फिरत असते तोवर फिरते; एकदा थंड पडली की पुन्हा फिरायला राजी होईलच असे नाही. त्या शुक्रवारी सर्व्हर तिसऱ्या प्रयत्नात उठला. तोवर फाटकावर माल भरलेला ट्रक ई-वे बिल या वाहतुकीच्या कागदासाठी खोळंबला होता, आणि त्याचा चालक दर दहा मिनिटांनी आत डोकावून "झालं का साहेब?" असे अशा सुरात विचारत होता, की बाळंतपण माझेच चालले असावे.

मी तडक आण्णांच्या केबिनमध्ये गेलो. आण्णा म्हणजे आमचे मालक. त्यांनी १९७८ साली जुना घेतलेला लेथ आजही चालतो, आणि जगातील प्रत्येक यंत्राला ते त्याच लेथचे धाकटे भावंड समजतात. खंडेनवमीला लेथबरोबर सर्व्हरलाही हळदकुंकू लागते. पंखा हवेबरोबर ते कुंकूही निष्ठेने आत ओढून घेतो. मागे एकदा सफाई करताना मदरबोर्डवर झेंडूची एक वाळकी पाकळी सापडली होती. ती काढताना मलाच अपराधी वाटले.

"चालतंय ना?" आण्णांनी विचारले.

"चालतोय, पण नारिंगी दिवा लागलाय."

"दिवा लागलाय म्हणजे चालतंय."

मी पुन्हा एकदा समजावून सांगितले. आत तीन डिस्क आहेत. एक गेली तर उरलेल्या दोघी तिचे काम ओढतात, मात्र त्यातली आणखी एक गेली की तेरा वर्षांचा हिशेब गेला. पहिली आता गेली आहे. त्या जातीची डिस्क नवी मिळत नाही. मागच्या वेळी पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात अर्धा दिवस हिंडून कुणाची तरी वापरलेली आणावी लागली होती. त्यावर चालणाऱ्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ या प्रणालीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात सर्व्हरचे आयुष्य सहा वर्षे धरले आहे. जून २०१२ मध्ये २ लाख ४० हजारांना घेतलेल्या या यंत्राचा स्वतंत्र हिशेब मांडून आयकराचा घसारा लावला, पहिली पाच वर्षे ६० टक्के आणि पुढे ४० टक्के, तर ३१ मार्च २०२५ रोजी त्याची किंमत ४१ रुपये २८ पैसे उरते. एवढ्यात धड नाश्ताही होत नाही.

एवढ्यात लोखंडी चुऱ्याच्या पोत्यांचे वजन सांगायला भंगारवाला आत आला. आण्णांचा चेहरा उजळला. "हा रोज मशिनी फोडतो. यालाच विचारू."

मला वाटले, चेष्टा असेल. ती नव्हती. आम्ही तिघे सर्व्हरपाशी गेलो. त्या गृहस्थाने आधी बोटाच्या पेराने त्याच्या कुशीवर टकटक केली, कलिंगड पारखतात तशी. मग कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकले.

"आवाज करतोय," तो म्हणाला.

(हे माझ्या टिपणाच्या तिसऱ्या पानावर होते.)

"किती वर्षं झाली?"

"तेरा."

"मग गेलाय हा, मालक. आज ना उद्या बसणार."

क्षणभर मला त्याच्या पाया पडावेसे वाटले. आण्णाही गंभीर झाले. पण तेवढ्यात त्याने खांद्यावरचा ताणकाटा काढला, सर्व्हर चालू असतानाच त्याची एक बाजू वीतभर उचलून पाहिली (उरलेल्या दोन डिस्क फिरत होत्या; माझे काय झाले असेल ते सांगत नाही), आणि म्हणाला, "वजन आहे. ॲल्युमिनियम निघंल, थोडं तांबं. डिस्कमधली चुंबकंबी चांगली येतात. बाराशे देतो."

"बाराशे!" आण्णा माझ्याकडे वळले. "तुम्ही तर एक्केचाळीस रुपये म्हणत होता."

"पण आत्ता नका काढू, मालक," भंगारवाल्याने तंबाखूची चिमूट ओठाआड सारली. "तांबं वर चाललंय. दिवाळीनंतर बघू."

"आण्णा, प्रश्न जुना विकण्याचा नाही, नवा घेण्याचा आहे," मी म्हणालो.

"अहो, जुना निघाल्याशिवाय नवा ठेवणार कुठे? जाणकार माणूस सांगतोय, ऐका."

जाताना त्या जाणकाराने मला बाजूला घेऊन बजावले, की नवा येईल तेव्हा खोके टाकू नका, पुठ्ठ्यालाही भाव आहे.

हसून सोडून द्यावे, असे घरचे म्हणतात. मात्र रात्री अडीच वाजता "सॉफ्टवेअर उघडत नाही" असा फोन आण्णांना येत नाही, भंगारवाल्याला तर नाहीच नाही. शुक्रवारी तीन तास नऊ माणसे रिकामी बसली, त्यांचा पगार कुणीच ताणकाट्यावर चढवला नाही. यंत्र पुरते मरेपर्यंत ते चालतेच आहे, असे म्हणायचे. आणि मेले की विचारायचे, तुम्ही आधी का नाही सांगितले? मी सांगितले होते. सात पाने होती. त्यातल्या शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर आण्णांनी चुऱ्याच्या पोत्यांची बेरीज केली आहे.

काल सकाळी चहा घेताना मी वर्तमानपत्राचे आतले पान काढून तांब्याचा भाव पाहिला. उतरला होता.