कमळाच्या हौदात मोरचूद टाकू नका

गेल्या रविवारी विलेपार्ल्याहून मावशीचा फोन आला. सोसायटीच्या अंगणातल्या कमळाच्या हौदात गोगलगायी फार झाल्या आहेत, व्हॉट्सॲपवर आलेल्या उपायाप्रमाणे तिने मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट हा तांब्याचा निळा क्षार, आणून ठेवला आहे, आता तो एकदम टाकावा की दोनदा, एवढेच तिला विचारायचे होते. तोच संदेश तोवर माझ्याकडेही तीन गटांतून येऊन गेला होता. हौदातल्या गोगलगायी माणसाला रोग देतात, त्या कमळे फस्त करतात, शंभर लिटर पाण्यात एक चमचा मोरचूद टाकला की रात्रीत मरतात आणि द्राक्षांवरही मोरचूद फवारत असल्याने माशांना त्याचा त्रास होत नाही, असे त्यात लिहिले आहे.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. द्राक्षांवर फवारतात ते चुना मिसळलेले बोर्डो मिश्रण, आणि तेही पानांवर. मासा मात्र त्याच पाण्यात श्वास घेतो. चमच्यात पाच ग्रॅम मोरचूद धरला, तर शंभर लिटरला तो लिटरमागे ५० मिलीग्रॅम होतो आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे सुमारे १२ मिलीग्रॅम, निव्वळ तांबे असते. मृदू पाण्यात लिटरमागे एक मिलीग्रॅमहून कमी तांब्यानेही गप्पी मासे मरू शकतात, कारण ते थेट कल्ल्यांवर घाव घालते. पावसाचे पाणी मृदूच असते, त्यामुळे जुलैत भरलेल्या हौदात हा धोका अधिक वाढतो. शिवाय तांबे कुजत नाही, ते तळाच्या गाळात साचून राहते. आणि एका रात्रीत मेलेल्या शेकडो गोगलगायी कुजू लागल्या की पाण्यातला प्राणवायू संपून उरलेले जीवही गुदमरतात. मुंबईत डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका स्वतः गप्पी मासे सोडते, कारण शहरातला हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी डास टाक्या, विहिरी आणि हौदांमध्येच वाढतो. ऐन पावसाळ्यात ते मासे मारणे म्हणजे घरासमोर डासांची पैदास करणे होय, आणि हा सल्ला देणाऱ्याने त्याचा विचारही केलेला दिसत नाही.

रोगाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात माणसांतील शिस्टोसोमा कृमीचा रोग आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली केली होती, आणि या कृमीच्या जीवनचक्रात गोड्या पाण्यातली गोगलगाय लागतेच. परंतु बाधित माणसाच्या मलमूत्रातून कृमीची अंडी पाण्यात पोहोचल्याशिवाय ते चक्र सुरू होत नाही. कुंपणातल्या हौदात ती येणार कोठून? संदेशातले चित्र तर पाण्यातल्या गोगलगायीचे नाहीच. ती जमिनीवरची आफ्रिकन महाकाय गोगलगाय आहे, जी १८४७ साली कोलकात्यात आणली गेली आणि आता पावसाळ्यात मुंबईच्या बागांत दिसते. तिच्यातून उंदरांच्या फुफ्फुसातला कृमी माणसात येऊ शकतो, म्हणून तिला उघड्या हाताने धरू नये. परंतु तिचा हौदाशी संबंध नाही.

कमळे खाण्याविषयी थोडक्यात: चपट्या, चक्राकार गोगलगायी मुख्यतः शेवाळ आणि सडकी पाने खातात. तोंडाला झाकण असलेली मोठी गोगलगाय मात्र कोवळी पाने कुरतडते. ती दिसली की उचलून काढावी.

संख्या कमी करायची असेल तर माशांचे खाद्य आणि पाण्यात पडलेली पाने आधी कमी करावीत, कारण त्यांच्यावरच गोगलगायी वाढतात. सायंकाळी कोबीचे पान पाण्यात सोडावे आणि सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायींसह बाहेर काढावे. चक्राकार जातीतली एकटी गोगलगायही अंडी घालू शकते, त्यामुळे त्या समूळ नाहीशा करण्याचा हट्ट धरू नये. नवे रोप लावताना पानाखाली चिकटलेले जेलीसारखे अंड्यांचे पुंजके पुसून घ्यावेत. मावशीने काल रात्री पहिले पान सोडले आहे आणि मोरचुदाची पुडी मी तिच्याकडून घेऊन आलो आहे.